परका पराग

दसऱ्यानंतरचा रविवार. कणीस सोललं, तर पांढऱ्या दाण्यांत चार पिवळे निघाले आणि राजूरच्या आमच्या शेतातला एक जुना दिवस आठवला. त्या दिवशी तिथे हजर: माझे वडील अण्णा, मी, शेजारच्या रानातले अण्णांचे चुलतभाऊ गणपतकाका आणि बियाणे कंपनीचे साहेब.

अण्णांनी कंपनीसाठी पांढऱ्या मक्याचं बियाणं पिकवायला घेतलं होतं. पिवळे दाणे शिरलेलं कणीस साहेबांनी मेलेला उंदीर धरावा तसं धरलं. "झेनिया. प्लॉट बाद."

"म्हंजे काय, साहेब?" अण्णांनी विचारलं.

"ग्रीक शब्द आहे. झेनोस म्हणजे परका. परका पराग आलाय."

"परका कुठला? आमच्या गणपतच्या रानातल्या पिवळ्या मक्याचाच की!" अण्णा हसले.

"मग नुकसानभरपाई त्यांच्याकडेच मागा."

अण्णांचं हसू गेलं. काका कळवळून म्हणाले, "दादा, दोन्ही मक्यांत अंतर पुरतंय का ते बघायला हेच साहेब आल्ते. जीपमधून उतरले न्हाई!"

अण्णांनी त्यांचं ऐकलं नाही; दोष काकांवरच ठेवला. साहेबांनी रुमालाला बोटं पुसली आणि ते निघाले.

तेव्हा मला तो शब्द भारी विद्वान वाटला होता. आज कळतं, कामचुकार माणसाने स्वतःचा आळस ग्रीक शब्दाखाली झाकला होता. असल्या विद्वत्तेची किळस येते.

अण्णा आणि काका अजून बोलत नाहीत. दोघांना एका बाजेवर बसवायचं काम राहिलं आहे.