मावशींची कोळशाची इस्त्री

आमच्या नाटक कंपनीत राजा मी असायचो, पण हुकूम चालायचा इस्त्रीवाल्या मावशींचा. "राजे, सिंहासनावर बसा, झग्यावर बसू नका!" असं त्या पडद्याआडून दटावायच्या आणि मी भर दरबारात मागचा घेर सावरून टेकायचो.

थिएटरमागच्या गल्लीत त्यांची एकच खोली. खिडकीशी टेबल, त्यावर सासूकडून आलेली कोळशाची पितळी इस्त्री. विजेच्या इस्त्रीला त्या नाक मुरडायच्या. "तिला ना वजन, ना धाक."

सुनेला दिवस गेले, तशी मावशींनी तिची खाट खिडकीखाली आणली, वारा लागावा म्हणून. कोळसे पेटवायच्या त्याच खिडकीच्या बाहेरच्या कठड्यावर. धूर बाहेरच्या बाहेर जातो, ही त्यांची पक्की समजूत!

तपासणीच्या वेळी डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरात धूर असतो का?"

"छे! आमच्याकडे बिडीसुद्धा कोणी ओढत नाही."

"आई श्वासातून जी खराब हवा आत घेते, ती पोटातल्या बाळालाही बाधते. पुढे मुलाला हृदयाचा त्रास होण्याचा धोका वाढू शकतो. होईलच असं नाही, पण अशी हवा टाळता येईल तेवढी टाळा."

मावशींनी हे मला सांगितलं ते अगदी निर्धास्तपणे. त्या आठवड्यात माझा पांढरा झगा त्यांच्या खिडकीशी टांगलेला होता. प्रयोगाआधी तो चढवून आरशासमोर उभा राहिलो, तर एक बाजू दुधासारखी, दुसरी राखेसारखी.

"मावशी, अर्धं राज्य शत्रूनं घेतलं वाटतं!"

त्या हसल्या नाहीत. कापडावर बोट फिरवलं. बोट काळं झालं.

"राजे, हा सुनेच्या उशाशी टांगला होता," त्या हळूच म्हणाल्या.

दुसऱ्याच दिवशी खाट अंगणाच्या दाराकडे गेली आणि कंपनीच्या गोदामातली विजेची इस्त्री टेबलावर आली. पहिले काही प्रयोग राजा चुरगळलेलाच वावरला. मी सगळ्यांना सांगायचो, महाराज थेट लढाईवरून आलेत. पितळी इस्त्री अंगणाचं दार उघडं धरायला लागली. गल्लीत गाडी चालू ठेवून उभ्या राहणाऱ्यांना मावशी खिडकीतून झापायच्या, "अरे बाबा, इंजिन बंद कर! इथं माझं नातवंड श्वास घेतंय!"

नात झाली. पहिल्या तपासणीला मावशींनी मलाही सोबत ओढलं. डॉक्टरीणबाई नळी लावून ऐकत होत्या, तेव्हा मावशींचा चेहरा पहिल्या प्रवेशाआधीच्या नटासारखा झाला होता.

"ठोके छान आहेत. तरी अधूनमधून दाखवत राहा."

"दाखवू की. पण ती नळी जरा माझ्या कानाला लावता?"

मावशींनी डोळे मिटले. ऐकतच राहिल्या.

सून हसली. "आई, पुरे आता. बाहेर रांग लागलीय."

"थांब गं, अंक तरी संपू दे."