दोन्ही कान दिसले पाहिजेत

माझ्या फोनमध्ये नवऱ्यापेक्षा बेडकांचे फोटो जास्त आहेत! फोन भरला की फोटो डिलीट करता येतात. त्यांच्यामागचे किस्से मात्र साचतच जातात, आणि चार माणसं जमली की तोंडातून बाहेर उड्या मारतात.

बेंगळुरूतल्या मराठी मंडळींचा आमचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. कुणीही बेडकाचा फोटो टाकायचा, आम्ही जात ओळखायची. मी शुभा, मूळची निपाणीची, इथे बँकेत. ग्रुपमधले खरे जाणकार मात्र अण्णा. राजाजीनगरचे, पिढ्यान् पिढ्या इथलेच, त्यामुळे बोलण्यात कानडी 'स्वल्प' म्हणजे जरा आणि 'सरी' म्हणजे बरं. जन्मभर स्टुडिओत लोकांचे पासपोर्ट फोटो काढले आणि रिटायर झाल्यावर बेडकांकडे वळले.

*

सर्जापूर रोडवर राहणारा निखिल, पुण्याचा, आयटीतला. त्याने पहिलाच फोटो टाकला तो उडी मारणाऱ्या बेडकाच्या पार्श्वभागाचा.

अण्णा म्हणाले, "हे चालत नाही. मान सरळ, डोळे उघडे, दोन्ही कान दिसले पाहिजेत."

"अण्णा, बेडकाला कान असतात?"

"डोळ्यामागं गोल पडदा दिसतो बघ, तोच कान. कान नाही, तर पासपोर्ट नाही!"

*

कोरमंगलाच्या पीजीत राहणाऱ्या केतकीला अण्णांनी विचारलं, "केवढा आहे?"

"क्यूट साइजचा!"

"स्वल्प नीट सांग की. शेजारी काहीतरी ठेव, म्हणजे माप कळतंय."

केतकीने बेडकाशेजारी गाडीची किल्ली ठेवली. फोटो आला, त्यात नुसती किल्ली.

अण्णांनी शांतपणे उत्तर दिलं, "स्कूटर. पूर्ण वाढलेली."

*

आता माझं पाप. पाचोळ्यातल्या एका फोटोवर मी भलं मोठं उत्तर लिहिलं. पाठीवरची मधली रेघ, कडांची नक्षी, पोटाकडचा फिका रंग... बँकेतलं काम सोडून लिहिलं हो!

अण्णांचा मेसेज आला. "सरी, शुभा. वर्णन एकदम बरोबर. फक्त ते वाळलेलं पान आहे. बेडूक उजवीकडं बसलाय. तुझंच वाचतोय वाटतं."

*

काही बेडूक फोटोत सारखेच दिसतात, मग आवाज ऐकावा लागतो. निखिलने रेकॉर्डिंग सुरू केलं आणि त्याच्या बाल्कनीखालचा बेडूक गप्प! शेवटी पठ्ठ्याने स्वतःच नक्कल करून पाठवायचं ठरवलं. घसा साफ करून दणदणीत "बाँऽऽव!" केलं.

घरूनच चाललेल्या ऑफिसच्या मीटिंगचा माइक चालूच होता.

मॅनेजरने विचारलं, "निखिल, कुछ कहना है?"

तीच नक्कल ऐकून अण्णांनी जात मात्र अचूक ओळखली!

*

निखिलच्याच सोसायटीत हिरवळीवर एक पिवळाजर्द बेडूक सापडला, गालाखाली निळे फुगे. विणीच्या दिवसांत बैलबेडकाचा नर असाच नटतो. सिक्युरिटीवाल्यांना वाटलं, कुणा मुलाचं प्लास्टिकचं खेळणं. सुपलीने उचलून सापडलेल्या वस्तूंच्या खोक्यात ठेवलं आणि नोटीस लावली, 'मालकाने ओळख पटवून घेऊन जावे.'

अर्ध्या तासाने खोकं ओरडायला लागलं.

निखिलने नोटिशीचा आणि खोक्याचा फोटो ग्रुपवर टाकला. अण्णा म्हणाले, "ओळख मी पटवतो. मालक तोच आहे, त्याला त्याच्या ताब्यात द्या."

*

आणि हा किस्सा त्या सोसायटीच्या मीटिंगचा. पार्किंगमागे पावसाच्या पाण्याचं छोटं तळं आहे. ते बुजवून बॅडमिंटन कोर्ट करायचं ठरत होतं. निखिलने एकट्याने विरोध केला. सेक्रेटरी सोलापूरचे, रिटायर्ड इंजिनिअर, माणूस सरळ. म्हणाले, "तुमच्या तज्ज्ञांना बोलवा. तिथला बेडूक दुर्मीळ निघाला तर तळं राहील."

रविवारी सकाळी मी आणि अण्णा गेलो. जिन्यातच निखिलने अण्णांचा हात धरला. "अण्णा, फक्त एकदा 'रेअर' म्हणा ना. प्लीज!"

अण्णा पायऱ्या चढत राहिले.

क्लबहाउसच्या पडद्यावर बेडकाचा फोटो लागला. कान स्पष्ट दिसत होते. सेक्रेटरींनी विचारलं, "दुर्मीळ आहे का, सांगा."

"नाही हो. एकदम कॉमन. सगळीकडं मिळतो."

निखिलने डोक्याला हात लावला. मी खाली बघायला लागले.

"मग बुजवायला हरकत काय?" सेक्रेटरी म्हणाले.

अण्णांनी चष्मा पुसला. "सर, सोसायटीचे सेक्रेटरीपण कॉमनच की. म्हणून त्यांना कुणी बुजवतं काय?"

मग सेक्रेटरीच असे हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं.

मीटिंगचा वृत्तांत लिहायला एक काटेकोर आजोबा होते. दुसऱ्या दिवशी सगळ्या फ्लॅटना मेल गेला:

'विषय चौथा. बेडूक: कॉमन. सेक्रेटरी: कॉमन. दोघेही आहेत तिथेच राहतील.'