भार न वाहणारी भिंत

काकांनी माझ्या मॉडेलच्या स्वयंपाकघरात बोट घातलं आणि सगळ्यांसमोर, हसत हसत, मराठीत म्हणाले, "चोवीस पोरं एकाच नळावर? तुमच्या वस्तीत चालत असेल. इथे भिंत घाल."

ड्रेस्डेन. आर्किटेक्चरचं तिसरं सेमेस्टर. विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाचं डिझाइन, त्याचं मधलं परीक्षण. काका म्युनिकहून आलेले पाहुणे परीक्षक. मूळ पुण्याचे, तीस वर्षं इथे. सकाळी कॉफी घेताना त्यांनीच सांगितलं होतं, मला काका म्हण. मग आडनाव विचारलं. मग गाव. मग गावात घर कुठल्या बाजूला. मग त्यांची कॉफी संपली.

मॉडेल माझं असं होतं की बघायला एल्बे नदी दोन मिनिटं थांबली असती. खाली नुसते खांब. वर मोकळा मजला, या टोकापासून त्या टोकापर्यंत एक सलग खिडकी. भार सगळा खांबांवर, म्हणून भिंत हवी तर घाला, नको तर नका घालू. आधुनिक वास्तुकलेचा हा नियम पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी बाकावरून अशी उडाले, छताला डोकं लागायचंच बाकी होतं. नळ मी मुद्दाम मधोमध ठेवला होता. कुणीही यावं, कुणालाही न विचारता पाणी प्यावं.

प्रोफेसरबाईंनी विचारलं, काय म्हणाले ते? सगळे जर्मन माझ्याकडे बघत होते, कौतुक ऐकायच्या तयारीत.

आणि मी, बडबडीत अख्ख्या ड्रेस्डेनला विकून खाईल अशी मी, म्हणाले, "त्यांना स्वयंपाकघर आवडलं. एक भिंत सुचवतायत."

काकांनी मान डोलावली. "गेनाऊ." अगदी बरोबर.

माझा अपमान मीच धुऊन, इस्त्री करून त्यांच्या हातात दिला.

खोलीवर येऊन भिंत चिकटवली. आईला व्हिडिओ कॉलवर मॉडेल दाखवलं. आई तीस वर्षं बांधकामावर घमेली वाहते. तिने वाहिलेल्या वाळूने अरबी समुद्र बुजला असता, असं मी सगळीकडे सांगते. एका बंगल्याच्या वास्तुशांतीला तिला फाटकाबाहेर, उरलेल्या खडीच्या ढिगावर जेवायला वाढलं. पाणी वरून ओंजळीत ओतलं. मी शेजारी होते, सहा वर्षांची. हे मात्र मी वाढवून सांगत नाही.

आई स्क्रीनला नाक लावून बघत राहिली. "स्लॅब खांबांवर आहे ना गं?"

"हो."

"मग ही भिंत कुणाला अडवायला?"

नेटवर्क गेलं असं सांगून मी फोन ठेवला. पोटभर रडले. एल्बे काही थांबली नाही.

भिंत उपटली. गोंद चिवट. पुठ्ठ्याची साल निघाली, मजल्यावर पांढरा ओरखडा उरला. तसाच ठेवला.

शेवटच्या परीक्षणाला काका परत आले. ओरखड्यावरून बोट फिरवलं. "शेवटी जातीवर गेलीसच." मराठीत. हसून.

बाईंनी विचारलं, काय म्हणाले?

मी सांगितलं. शब्दाला शब्द. मागच्या वेळचंही सांगितलं, आणि तेव्हा मी खोटं बोलले होते हेही. जात म्हणजे काय, ते थांबून समजावलं. काका म्हणाले, गैरसमज झालाय, घरगुती थट्टा होती. मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. आवाज फाटला. कुणी माझ्या बाजूने उभं राहिलं नाही. एक जण खिडकीबाहेर बघत राहिला. बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं आणि पुढच्या विद्यार्थ्याला बोलावलं.

मॉडेल आता माझ्या कपाटावर आहे. नळासकट, ओरखड्यासकट. गोष्टी मी फुगवून सांगतच राहीन, ती माझी खोड आहे. पण माझा अपमान गोड करून सांगणार नाही, कुठल्याच भाषेत. आणि भार न वाहणारी भिंत माझ्या हातून उभी राहणार नाही. कुठलेही काका सांगोत.