अकराची फेरी

आम्रपाली ओव्हाळ आमच्या शेजारची. विश्रांतवाडीत आमच्या दोन घरांमधली भिंत एकच आहे. तिला एका जागी बसता येत नाही. चहा उभ्याने पिते, जेवताना दोनदा उठते, बोलताना दाराची कडी उघडते आणि लावते. खराडीला एका कंपनीच्या गेटवर ती सिक्युरिटी गार्ड आहे. वय चव्वेचाळीस.

यंदा जानेवारीपासून तिच्या येरझारा वाढल्या. पंचेचाळिशी आली की गार्डला कामावर ठेवायचं नाही, असा त्यांच्या एजन्सीचा नियम. सुपरवायझर झालं तर नोकरी राहते. पण सुपरवायझरला इंग्रजीत रिपोर्ट लिहावा लागतो, म्हणून परीक्षा असते. ती दोनदा नापास झाली होती, दोन्ही वेळा क्रियापदांत. गोष्ट कालची आणि क्रियापद आजचं, असा घोटाळा व्हायचा. मार्चमधली तिसरी संधी शेवटची होती. ऑगस्टमध्ये ती पंचेचाळीसची होणार.

मी मार्केट यार्डात तीस वर्षं पोती वाहिली. शिक्षण सातवी, इंग्रजी येत नाही. पण तिला ऐकणारा माणूस हवा होता. तिने वहीत तीन रकाने आखून क्रियापदांची रूपं मराठी अक्षरांत लिहिली. गो, वेंट, गॉन. ती गल्लीत फेऱ्या मारत म्हणायची, मी पायरीवर वही धरून बसायचो. एक चुकलं की पहिल्यापासून.

"मामा, दीडशे झाली होती!"

"परत होतील."

"यार्डात पण असेच वागायचात?"

"थप्पी कलली की उतरवून पुन्हा लावायची. वरून ढकलून सरळ होत नाही."

"म्हणूनच तुमच्या जोडीला कोणी टिकत नसणार."

तीन आठवड्यांत दोनशे क्रियापदं पाठ झाली. दर रविवारी सकाळी दहाला विहाराच्या हॉलमध्ये मोठ्या माणसांसाठी इंग्रजीचा वर्ग भरतो. बेहेरे बाई शिकवतात. निवृत्त शिक्षिका, सदाशिव पेठेतून दोन बस बदलून येतात आणि वेळेआधी येतात. आम्रपालीने त्यांना दोनशेच्या दोनशे एका दमात म्हणून दाखवली.

"छान," बाई म्हणाल्या. "आता वापरायलाही काढा. का ठेवणीतली आहेत?"

रोज कामावर काय केलं ते इंग्रजीत लिहून आणा, असं त्यांनी सांगितलं. पुढच्या रविवारी आम्रपालीने सात पानं नेली. मी मागच्या सतरंजीवर बसलो होतो. बाईंनी पानं वाचली. एकही क्रियापद चुकलं नव्हतं. मग त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"आम्रपालीबाई, रोज अकरा वाजता तुम्ही गच्चीवर जाऊन पाण्याची टाकी तपासली. आजही तपासलीत. आत्ता अकराला दहा कमी आहेत, आज तुमची सुट्टी आहे, आणि तुम्ही माझ्यासमोर उभ्या आहात."

वर्ग हसला. ती हसली नाही. मग सगळं निघालं. गेटवर एक रजिस्टर असतं. त्यात दिवसभराच्या फेऱ्यांची चौदा वाक्यं इंग्रजीत लिहायची असतात, रोज तीच. गार्ड ती सकाळी सातलाच लिहून सही करतात आणि मोकळे होतात. नवीन माणसाला पहिल्या दिवशी हेच शिकवतात. तिने तीच वाक्यं बाईंना सात वेळा उतरवून दिली होती.

"यातलं घडलेलं किती?" बाईंनी विचारलं.

"गेट उघडलं, ते."

घरी येताना मी दोन पावलं पुढे चालत होतो.

"बोला की मामा. सगळेच तसं करतात."

"यार्डात पोतं पाठीवरून उतरल्याशिवाय मोजत नाहीत."

त्यानंतर ती कामावरच्या फेऱ्या खरंच मारू लागली. रजिस्टर मात्र सकाळीच भरत होती, कारण सुपरवायझर सव्वासातला बघायला यायचा.

परीक्षेच्या आदल्या दिवशी पावणेअकराला एका टेम्पोने गेटचा दांडा वाकवला. ड्रायव्हरशी वाद झाला, तो बारापर्यंत चालला. पंप बंद करायला कोणी गेलं नाही, टाकी भरून वाहिली आणि पाणी पार्किंगमध्ये आलं. रजिस्टरमध्ये अकराची फेरी झालेली होती.

दुसऱ्या दिवशी पेपरात एकच प्रश्न आला: काल ड्यूटीवर काय केलं ते लिहा. चौदा बिनचूक वाक्यं तिला पाठ होती. चार तिने लिहिली. मग ती खोडली आणि टेम्पोचं लिहायला लागली.

एजन्सीचे विश्वजीत साहेब पेपर तिथेच तपासत होते. शेजारी पडताळायला गेटवरची रजिस्टरं होती. त्यांनी तिला उठवलं.

"रजिस्टरमध्ये टाकी तपासली आहे. पेपरात तपासली नाही. खोटं कुठलं?"

"रजिस्टर, साहेब."

"सही कुणाची?"

"माझीच. सकाळी सातची."

परीक्षेला बसलेल्या बाकीच्या आठ गार्डांनी माना खाली घातल्या. हे तिने मला त्या संध्याकाळी सांगितलं, पायरीपासून गल्लीतल्या नळापर्यंत चालत.

पन्नासपैकी तिला बावीस मिळाले. पास व्हायला वीस लागतात. सोबत खोट्या नोंदीचा मेमो आला. पद तीन महिने थांबवलं. साहेब मधूनच येऊन रजिस्टर बघणार, आणि एक नोंद खोटी निघाली की पद गेलं, नोकरीही गेली.

आता तिचं रजिस्टर सकाळी कोरं असतं. सुपरवायझर चिडतो. बाकीचे गार्ड तिला घड्याळवाली म्हणतात. साहेब दोनदा येऊन गेले. एकदा अकराला पाच कमी होते. त्यांनी रिकामी ओळ पाहिली आणि तिच्या मागे गच्चीपर्यंत चालत गेले.

दोन महिने झाले, एक राहिला आहे. काल संध्याकाळी ती कामावरून आली, डबा ठेवला आणि वही माझ्याकडे दिली.

"आधी मराठीत सांग," मी म्हणालो.

तिने सांगितलं. टाकी पाऊण भरली होती. झाकणाची एक कडी तुटली आहे. गच्चीच्या बेचाळीस पायऱ्या आहेत, हे तिला इतक्या वर्षांत आत्ता कळलं. मग तेच इंग्रजीत. दोन ठिकाणी ती अडखळली आणि माझ्याकडे बघायला लागली. मी वही मिटली नाही.

"पहिल्यापासून," मी म्हणालो.

ती वळली आणि नळाकडे चालू लागली.