बोंगसुनचं शिफारसपत्र

कोरियातल्या जॉन्जू शहरातल्या बोंगसुनचा संसार चारचौघींसारखाच. नवरा बस चालवणारा, दोन मुली, पहाटे उठून बुद्धासमोर हात जोडायचे आणि चुलीला लागायचं. आहारशास्त्राची पदवी वीस वर्षं कपाटात पडून होती.

गेली पाच वर्षं मात्र शिक्षकदिनाला फुलं घेऊन ती तिच्या कॉलेजातल्या निवृत्त प्राध्यापिका गुकबाईंकडे न चुकता जायची. हिवाळ्यात बाईंची वर्षाची किमची, म्हणजे कोबीचं तिखट लोणचं, घालायची असली की बाह्या सरसावून दिवसभर कोबीला मसाला चोळायची. बाईही हक्कानं सांगायच्या, "मुलींना शिकव, पण स्वतःला गंज चढू देऊ नकोस."

म्हणूनच यंदा तिची जीभ अडली. गावातल्या बौद्ध विहाराच्या वृद्धाश्रमात आहारतज्ज्ञ हवी होती. पंचेचाळिशीत अशी संधी पुन्हा कुठली यायला? अर्जाला शिफारसपत्र हवं होतं. पण मागितलं आणि बाईंना वाटलं, ही एवढी वर्षं यासाठीच येत होती, तर? याच घोळात तीन आठवडे गेले. शेवटच्या दिवशी ती बाईंच्या दारात उभी राहिली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

"एवढंच ना? तुझा चेहरा बघून मला वाटलं, नवऱ्यानं घराबाहेर काढलं! बस इथं. तूच लिही, मी शिक्का मारते. सगळे तसंच करतात."

बोंगसुननं तासभर घाम गाळला. बाईंनी चष्मा लावून मोठ्यानं वाचलं, "'उमेदवारात पुष्कळ उणिवा आहेत. बुद्धी बेताची, अनुभव नाही. तरी पदरात घ्यावं.' अगं, हे शिफारसपत्र आहे की पोलिसांतली तक्रार? या बाईच्या हाती मी माझं मांजरसुद्धा देणार नाही!"

"आपल्याच तोंडानं आपली स्तुती कशी करायची, बाई?"

"मग सरक बाजूला."

बाईंनी कागद फाडला आणि स्वतः लिहायला घेतलं. लिहिता लिहिता वाचत होत्या, "कॉलेजच्या गच्चीवर सोयासॉसचे चाळीस रांजण मुरण्यासाठी उन्हात उघडे ठेवले होते. रविवारी अवचित पाऊस आला. एकच मुलगी धावत आली, ओलीचिंब होऊन सगळी झाकणं लावून गेली. सोमवारी विचारलं तर म्हणाली, मला काही माहीत नाही. मी खिडकीतून पाहिलं होतं."

बोंगसुनचे कान लाल झाले. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"वीस वर्षं पोटात ठेवलंय. आणि मागायला एवढं लाजलीस, म्हणूनच मनापासून देतेय. पळ आता, पाचला कचेरी बंद होते!"

पाचाला दहा मिनिटं कमी असताना अर्ज पोचला.

आठवड्यानं मुलाखत झाली. आश्रमाच्या प्रमुख भिक्षुणींनी पत्र दोनदा वाचलं, हसल्या आणि एवढंच विचारलं, "सोमवारपासून येशील?"

बोंगसुननं बाहेर येताच बाईंना फोन लावला. "बाई, सोमवारपासून..."

"कळलं, कळलं," बाई म्हणाल्या. "दहा वर्षांनी मीच येणार आहे तिथं राहायला. तोवर मीठ जरा कमी घालायला शीक."