मामेसासऱ्यांचा सायलेन्सर

वर्धा जिल्ह्यात वांग्याने ताप मोजणारा एकच माणूस होऊन गेला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. सेलूला त्यांची शेती होती आणि लष्कराच्या लिलावातून आणलेली एक जुनी जीप. नाल्यात पाणी शिरून बंद पडू नये म्हणून तिचा सायलेन्सर त्यांनी खालून काढून डाव्या बाजूच्या पायरीशेजारून वर नेला होता. पावसाळ्यात लोकांचे ट्रॅक्टर काळ्या मातीत रुतून बसत आणि मामांची जीप नाल्यातून रेड्यासारखी फुरफुरत निघून जाई. पण त्याच पायरीवरून चढताना पहिल्याच दिवशी मामींच्या माहेरच्या साडीला गंजाचा हातभर पट्टा लागला. "या डबड्यात मी पुन्हा पाय नाई ठेवत," मामी म्हणाल्या. तेव्हापासून समुद्रपूरला भावाकडे त्या एस.टी.ने जात, आणि एस.टी.च्या मागे मागे, शेजारची सीट रिकामी ठेवून, धूळ खात मामांची जीप जाई.

गंज झाकायला रंग हवा, आणि तापल्या नळीवर कुठलाच रंग आठवडाभरही टिकेना. मी तेव्हा नालवाडीत राहून वर्ध्याच्या एका शाळेत रसायनशास्त्र शिकवत होतो. त्यामुळे या संशोधनाचा सल्लागार आपोआप मीच झालो. "आधी सायलेन्सर तापतो किती ते कळायला हवं," मी घसा खाकरून म्हणालो. इतका ताप मोजायचं साधन आमच्या शाळेत नव्हतं, हे सांगायची मला गरज वाटली नाही. पुढच्या रविवारी जीप माझ्या दारात उभी, आणि सायलेन्सरला तारेने बांधलेलं एक भलंमोठं वांगं! "सेलूहून निघालो तवा कच्चं होतं, जवाई. आता पाहा." साल कोळशासारखी झाली होती आणि आत लोणी. "तुराट्यांच्या जाळावर भाजते, तसंच भाजलं. म्हणजे ताप तितका. आता रंग सांगा." मी गंभीरपणे आधी भरीत करायला सांगितलं. पेट्रोलचा वास सोडला तर ते फक्कड झालं होतं.

मग रंगांची परीक्षा सुरू झाली, ती मामांच्या न्हाणीघरातल्या तांब्याच्या बंबावर. बुडाशी, जिथे निखारे असतात, तिथे मामांनी एकेका रंगाचा चौकोन काढला आणि पाट मांडून ते बंबासमोर बसले. कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या संपेपर्यंत बंब पेटता राही आणि पाणी वाया जाऊ नये म्हणून आल्यागेल्याला आंघोळ घालत. मला एकदा सकाळच्या सकाळी दोन आंघोळी पडल्या. दाराखिडक्यांचा रंग पापडासारखा फुगला, डांबरी काळा ओघळून राखेत गेला. मामांना दुःख नव्हतंच. "फुगते काऊन, जवाई? हवा कुठून आली त्याच्यात?" त्यांच्या या प्रश्नाला मी जी उत्तरं दिली ती परीक्षेत कुणी लिहिली असती तर मी शून्य दिलं असतं. शेवटी नागपूरहून आणलेला एक चंदेरी रंग टिकला. मामींनी तो ओल्या फडक्याने पुसून पाहिला, चिंचेने घासून पाहिला. फडकं स्वच्छ. "भावाच्या पोरीचं लगन आहे," त्या भिंतीकडे पाहत म्हणाल्या. "पाहू."

लग्नाच्या आदल्या दिवशी मामांनी सायलेन्सर रंगवला. निघताना मी सर्वांना समजावलं, की असा रंग पहिल्यांदा तापला की धुरावतो, घाबरायचं कारण नाही. मामी पुढे मामांच्या शेजारी बसल्या, मी मागे. गाव सुटलं आणि पायरीजवळून पांढरा धूर उसळला. "ओ भाऊ, गाडी जळून राह्यली ना!" बैलगाडीवाला ओरडला. त्यानंतर मला आठवतं ते एवढंच, की मी तुरीच्या शेतात उभा होतो.

मामांनी जीप थांबवली. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. ते पाहत होते मामींकडे. "उतरतं काय?" त्यांनी हळूच विचारलं.

मामींनी पदर नाकाला लावला. "नाई. बसली त बसली." मग मान वळवून मला म्हणाल्या, "जवाई, तुमीच त सांगतलं ना, धूर येते म्हणून? मग तुरीत काऊन गेले? चाला, लगन निघून जाईल."

त्या दिवशी मामांनी जीप इतकी सावकाश चालवली की मागून एस.टी. आली. त्यांनी हात बाहेर काढून तिला ऐटीत पुढे जाऊ दिलं.

आता मामाही नाहीत आणि जीपही. बंब मात्र आहे. मामी तो चिंचेने घासून लखलखीत ठेवतात, फक्त बुडाशी काढलेल्या त्या चौकोनांना हात लावत नाहीत. मागे गेलो तेव्हा आंघोळीचं पाणी काढून देताना त्या थबकल्या. "बंब तापला की अजून त्या रंगाचा वास येते. तुमाले येते का, जवाई?"

इतकी वर्षं भाजलेल्या रंगाला वास उरत नाही. जन्मभर रसायनशास्त्र शिकवून मला एवढं तरी खात्रीने ठाऊक आहे.

"येते," मी म्हणालो.