आज मेथीच्या जागी कोबी

वेबसाइटचं एक मुख्य पान. एक मेन्यूचं पान. भाज्या आणि डाळींची एकोणचाळीस चित्रं. रविवार संध्याकाळच्या सुट्टीचं एक चित्र. आणि 'मेस बंद आहे' असं एक.

सगळं माझ्या हातचं. तयार थीम नाही, कुठला कोर्स केलेला नाही, कुणाचा कोड उचललेला नाही.

त्यातलं शेवटचं चित्र इतकी वर्षं नुसतं पडून होतं.

कमलमावशी गेल्या, त्या दिवशी ते लावलं.

मावशी मूळच्या किल्लारीच्या. भूकंपात घर गेलं. पत्र्याच्या शेडमध्ये राहत होत्या तेव्हाच शेजाऱ्यापाजाऱ्यांचं जेवण रांधायच्या. पुढे भाचा ट्यूशनला लातूरला आला, त्याच्यासोबत याही आल्या. भाच्याचे मित्र जेवायला येऊ लागले आणि मेस झाली.

मी तेव्हा एका सायबर कॅफेत बसायचो आणि मावशींकडे जेवायचो. एचटीएमएल त्या कॅफेतच शिकलो. दुसऱ्यांच्या पानांचा सोर्स उघडून, एकेक टॅग काढून काय मोडतं ते बघत.

मग मेन रोडला मोठी होस्टेलं झाली. त्यांचे फ्लेक्स, त्यांच्या वेबसाइट. मावशींची मेस गल्लीच्या आत. एका जूनमध्ये निम्मी ताटं रिकामी राहिली.

"दिवाळीपर्यंत बघते," मावशी म्हणाल्या, "न्हाई जमलं तर जाते किल्लारीला."

मी म्हटलं, वेबसाइट करू.

"इंटरनेटवर भाजी कुठं शिजते रे?"

तरी केली. झकास केली. वर पनीरचा मोठा फोटो लावला. चार वेगवेगळ्या ब्राउझरमध्ये तपासली, एक रेघ इकडची तिकडे नाही.

मावशींनी स्क्रीनकडे बघितलं.

"हे काय हाय?"

"पनीर."

"आपल्या मेसात पनीर कवा शिजलं?"

"मावशी, सगळेच लावतात."

"त्यांच्यात लावू दे. आपल्यात जे ताटात हाय तेच लिही. आन् रोज लिही."

पनीर काढलं. रोज सकाळी मावशींचा फोन यायचा. नमस्कार नाही, हॅलो नाही. "लिही. दोडका. मुगाची डाळ."

आठवडाभरात हिमायतनगरहून एका मुलाच्या वडिलांचा फोन आला.

"काय करून राहिले हो तुम्ही? भाजीच्या जागी नुसते चौकोन दिसून राहिले. आमच्या पोराला चौकोन खाऊ घालता काय?"

त्यांच्या मोबाईलमध्ये मराठी फॉन्टच नव्हता. माझ्या चार ब्राउझरमध्ये तो साधा कीपॅडचा मोबाईल मी धरलाच नव्हता.

मग प्रत्येक भाजीच्या नावाचं छोटं चित्र बनवलं. प्रोग्रामने करून बघितली, पण 'वांग्याचं भरीत' लिहिताना जोडाक्षरं फुटायची. मला ते खपत नाही. म्हणून एकेक हाताने.

चित्र मात्र सर्च इंजिनला वाचता येत नाही. म्हणून प्रत्येक चित्रामागे कोडमध्ये तीच भाजी अक्षरांत लिहिली. बापाला चित्र, सर्चला अक्षरं.

एका मंगळवारी मेथी लिहून झाली होती. दुपारी पुन्हा फोन.

"बदल. मेथी पिवळी निघाली. कोबी केली."

"मावशी, एका दिवसानं काय होतं? कोण बघतंय?"

"भोकरच्या दीपकची माय बघते. तू बदल."

बदललं.

संध्याकाळी भोकरच्या त्या बाईंचाच मावशींना फोन आला.

"मावशी, आमचा दीपक म्हणतो, दुपारी मेथी लई भारी होती. तुमच्या साइटवर तर कोबी हाय."

"बाई, तुमचा दीपक आज जेवायला आलाच न्हाई."

दीपक क्लास बुडवून पिक्चरला गेला होता. मंगळवारी मेथी असतेच, एवढ्या भरवशावर मेथी सांगून मोकळा झाला.

पंधरवड्यात ही गोष्ट भोकरपासून हिमायतनगरपर्यंत पोचली. रोज संध्याकाळी घरोघरी आई-बाप पान उघडायचे आणि पोराला विचारायचे, आज काय खाल्लंस?

पोरांनी मला मनसोक्त शिव्या दिल्या. एकाने तर समोर येऊन सांगितलं, "काका, तुमचा सर्व्हर जळो."

दिवाळीपर्यंत मेस भरली. मावशी किल्लारीला गेल्या, पण भाऊबीजेला. चार दिवसांत परत.

आणि पान रोज बदलतंय, गावोगावी रोज उघडलं जातंय म्हटल्यावर 'लातूर मेस' शोधलं की आम्ही वर दिसायला लागलो. सगळ्यात वर. मोठ्या होस्टेलांच्या डोक्यावर.

त्यांच्यातल्या एकाचा माणूस मुद्दाम भेटायला आला. टाय वगैरे. "सर, तुमची एसइओ स्ट्रॅटेजी काय आहे?"

मी सांगितलं, मेथीच्या जागी कोबी.

त्याला वाटलं मी उडवून लावतोय.

पुढे स्मार्टफोन आले, चौकोन गेले, चित्रांची गरज संपली. तरी मी ती ठेवली. 'साइटचा पत्ता, म्हणजे डोमेन, तुमच्या नावावर करू' म्हटलं की मावशी म्हणायच्या, "तुझ्याच नावावर राहू दे. मला पासवर्ड ध्यानात राहत न्हाई."

तेराव्यापर्यंत 'मेस बंद आहे' हेच चित्र होतं. ते बघून पुण्याच्या एका होस्टेल कंपनीला वाटलं, मेस कायमची बंद झाली. डोमेन विकता का, म्हणून फोन आला.

मावशींच्या सूनबाईंना, म्हणजे त्या भाच्याच्या बायकोला विचारलं. मेस आता त्याच बघणार.

"तुमचं तुम्ही बघा भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "पण मग उद्या भाजी कुठं लिहायची?"

आज सकाळी वहिनींचा फोन आला. नमस्कार नाही, हॅलो नाही.

"लिहा. शेपू. तुरीची डाळ."

लिहिलं. बंदचं चित्र काढलं. चारही ब्राउझरमध्ये तपासलं.

मावशी, पान चालू आहे. निवांत जा.

पुण्याच्या कंपनीला 'विकायचं नाही' म्हणून कळवलं. सव्वातीन लाख देत होते.